मैनाबाईचा उपास

शाळेच्या व्हरांड्यात बायका पाटावर रेतीची पिंड करत बसल्या होत्या. पूर्णेच्या ज्या पुरानं त्यांची घरं धुऊन नेली, त्याच पुरानं अंगणात आणून टाकलेली ती रेती. गीतांजलीनं जाता जाता पाहिलं, पुढं गेली आणि जागीच थबकली. आज हरतालिका होती.

आता हा दिवस काय विसरण्यासारखा आहे? वऱ्हाडात तरी नाही. पण नवरा, शेखर, गेल्यापासून तिच्या घरी हा दिवस येतच नव्हता. अकोल्यात जठारपेठेतलं नवराबायकोचं मेडिकल ती आता एकटी चालवायची. पूर आला म्हटल्यावर मदतीला निघालेल्या केमिस्ट मंडळींच्या गाडीत ती सगळ्यांच्या आधी चढून बसली. घरी बसून काय भिंती पाहायच्या? इथं निदान हाताला काम होतं. लोकांची औषधं पुरात गेली होती, कुणाला गोळीचं नाव आठवत नव्हतं, नुसता रंग आठवत होता. विचारून विचारून, डॉक्टरांना दाखवून ती गोळ्या देत होती.

आणि सकाळी तिनं शाळेत आसऱ्याला आलेल्या मैनाबाईला शुगरची गोळी दिली होती. दिली म्हणजे काय, समोर उभं राहून गिळायला लावली. म्हातारी गोळी पदराच्या गाठीत बांधायला निघाली होती. गाठीत गोळी भिजते, हरवते, म्हणून गीतांजली डाफरली, "मावशी, माझ्यासमोर घ्या. खिचडी येतेच आहे." मैनाबाईनं गोळी कोरडीच गिळली आणि पाण्याचा पेला हातानं बाजूला सारला. अगं बाई, तेव्हाच विचारायला नको होतं का, पाणी का नाही घेत म्हणून? औषधं देण्यात निम्मा जन्म गेला आणि एवढं साधं विचारता आलं नाही.

शुगरची गोळी पोटात जावी आणि वर अन्नाचा कण जाऊ नये, तर साखर खाली खाली जाते. माणूस घामाघूम होतं, मग गुंगीत जातं, आणि गुंगीत गेलेले काही जण उठत नाहीत. अमरावतीहून आलेले डॉक्टर अद्वैत नावेतून पलीकडं गेले होते. शिरेतून द्यायचं ग्लुकोज त्यांच्याच पेटीत होतं, आणि फोनला रेंज नव्हती.

मैनाबाई वर्गात नव्हती. खिचडीच्या रांगेतही नव्हती. गीतांजलीनं मैनाबाईच्या शेजारणीला, चंदाला, गाठलं.

"थे काय, पोत्याइच्या मागं झोपली," चंदा म्हणाली. "झोपू द्या न तिले. रातभर डोयाले डोया नाई लागला. बुढा तिकडं अडकला न."

बुढा म्हणजे पंजाबराव, मैनाबाईचा नवरा. बैल सोडून यायला तयार नव्हते, म्हणून शेतातल्या मोटरीच्या खोलीवर चढून बसले होते. नाव त्यांनाच आणायला गेली होती.

गीतांजली धावली. मैनाबाईचं कपाळ घामानं थबथबलं होतं, हात थंडगार पडले होते. बोट टोचून पाहिलं तर साखर पन्नासच्याही खाली. गीतांजलीनं ग्लुकोजची पुडी दातांनीच फोडली. पाण्यात कालवून तिनं पेला ओठाला लावला. म्हातारीनं दात आवळून घेतले.

"उपास हाय," ती पुटपुटली.

"मावशी, औषधाला उपास नसतो."

"औषध घेतलं न तुह्या म्हणण्यानं. आता नाई."

"जीव जाईल तुमचा."

"माहा जाईन. त्याइचा राहीन. बुढा पाण्यात बसून हाय, अन् मी गोड खाऊ?"

चंदानं विनवलं, गीतांजलीनं हात जोडले, रागावूनही पाहिलं. राग तरी कुणाचा करायचा? गोळी तिनंच दिली होती. जबरदस्तीनं ओतावं तर पाणी श्वासनळीत जायची भीती. शिवाय एका घोटानं भागणार नव्हतं. गोळीचा असर दिवसभर राहणार, म्हणजे म्हातारीनं नीट जेवायलाच हवं होतं. इकडं तिचे डोळे मिटत चालले होते.

"मग तुमचा उपास मला द्या," गीतांजली म्हणाली. "मी धरते. पंजाबरावांसाठीच धरते. तुम्ही खा."

मैनाबाईनं डोळे किलकिले केले. तिची नजर गीतांजलीच्या मोकळ्या गळ्यावर येऊन थांबली. चंदानं मान खाली घातली. गीतांजलीला मरणाची लाज वाटली. विधवेनं धरलेला उपास ही आपल्या नवऱ्यासाठी कशाला घेईल? तरी तिनं पेला हलवला नाही.

"सकाळवरी?" मैनाबाईनं विचारलं.

"सकाळपर्यंत."

"पाणी बी नाई?"

"थेंबसुद्धा नाही."

मैनाबाईनं तोंड उघडलं.

मग ती ग्लुकोज प्यायली, हळूहळू उठून बसली, आणि रडत रडत खिचडी जेवली. गीतांजली तिथून हलली नाही. मधूनमधून बोट टोचून साखर पाहत होती आणि नदीकडं डोळे लावून होती. ज्यांना कधी पाहिलंही नाही, त्या पंजाबरावांच्या काळजीनं तिचा जीव टांगणीला लागला होता. शेखरसाठी तिनं इतक्या हरतालिका केल्या, त्यांचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी शेजारच्या पाण्याच्या बाटलीला तिनं हात लावला नाही.

उन्हं कलली तेव्हा नाव काठाला लागली. आधी डॉक्टर उतरले, मग चिखलानं माखलेले पंजाबराव, बैल मागं राहिले म्हणून नाववाल्याशी भांडतच. मैनाबाईनं त्यांना डोळे भरून पाहून घेतलं. मग म्हणाली, "थे बाई पाहा. तुमच्यासाठी उपाशी हाय सकाळपासून."

पंजाबरावांना आधी काही कळेना. चंदानं सगळं सांगितलं, तेव्हा ते पाण्याचा पेला भरून गीतांजलीपुढं आले. "घ्या न बाई," ते म्हणाले, "आलो न मी आता."

गीतांजलीच्या घशाला कोरड पडली होती. "माझा सकाळपर्यंत आहे, भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही प्या."

पंजाबराव तिच्यासमोर उभ्यानंच घटाघटा प्यायले, आणि शेखर गेल्यापासून पहिल्यांदाच गीतांजली चारचौघांत रडली.