लोइसची साखरदाणी

मित्रांनो, मी मातीची एक जुनी साखरदाणी आहे. माझ्या झाकणाचा टवका उडाला आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका कुंभाराने मला घडवले आणि लोइसने नव्या संसारासाठी मला घरी आणले. तिचा नवरा जोथम बेलोज राज्याच्या विधानसभेत होता. गुलामगिरी मोडली पाहिजे, असे तो प्रत्येक सभेत सांगे.

त्या घरात उसाची साखर येत नसे, कारण तो ऊस गुलामांकडून पिकवून घेतलेला असे. मार्चमध्ये बर्फ वितळू लागला, की दोघे मेपलच्या झाडांचा गोड रस गोळा करत. लोइस तो कढईत आटवी. त्याच्या तपकिरी खड्यांनी मी भरून जाई. तिच्या हातांना आठवडाभर धुराचा वास येई.

"जोथम, रसाबरोबर तुझी भाषणंही जरा आटव की!" शेजारी चिडवत.

एका वर्षी थंडी लवकर सरली. झाडांना रस आला नाही. मी रिकामी राहिले. नेमका तेव्हाच पक्षाचा पुढारी कर्नल ट्रास्क आला. निळ्या कागदात गुंडाळलेला पांढऱ्या साखरेचा भलामोठा खडा त्याने टेबलावर उघडून ठेवला.

"वॉशिंग्टनच्या संसदेचं तिकीट तुलाच," तो म्हणाला. "फक्त या निवडणुकीत गुलामांचा विषय काढायचा नाही. वहिनी, फोडा ती साखर! तोंड गोड करू."

वॉशिंग्टनला जायची जोथमची फार इच्छा होती. लोइसने मला टेबलावर आणून ठेवले आणि झाकण काढले.

"अहो, ही तर रिकामी!" कर्नल हसला.

जोथम बराच वेळ माझ्या आत पाहत राहिला. मग त्याने तो खडा पुन्हा निळ्या कागदात गुंडाळून कर्नलच्या हातात दिला.

"आमच्याकडं एवढंच आहे, कर्नल. चहा कडूच प्या."

तिकीट गेले. पुढे विधानसभेची जागाही गेली.

"बरं झालं," लोइस म्हणाली, "आता लाकडं तरी वेळेवर फोडाल."

दोघे खूप हसले. ते हसू मला अजून ऐकू येते.

गुलामगिरी संपलेली पाहायला लोइस राहिली नाही. ती गेल्यावरही जोथम दोन कप मांडी. गुलामगिरीवरून देशात पेटलेले युद्ध संपले, गुलाम मोकळे झाले. मग एके सकाळी त्याने पांढऱ्या साखरेची पुडी आणली आणि माझ्यात ओतली.

"आता मजुरी देऊन पिकवतात म्हणे. चालेल ना गं?"

एक चमचा त्याने तिच्या कपात घातला. स्वतःचा चहा कडूच प्यायला.

आज मी माळ्यावर आहे. मित्रांनो, घरातले जुने भांडे टाकण्याआधी एकदा त्याचे झाकण उचला. आत काही दिसले नाही, तरी लगेच झाकू नका.