लटकून वाढले ती मीच

मी शिंप्याची टेप बोलतेय. लोकांच्या गळ्यात पडणं हाच माझा धंदा. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर; खोटं बोलायला जागाच नाही, असं मला वाटायचं.

माझ्या मालकांची कात्री रोज हरवायची. शेवटी काम संपलं की ते तिला माझ्या टोकाला बांधून आम्हा दोघींना खिळ्याला टांगू लागले. वर्षभर ती जड बया माझ्या पायाला लोंबकळत होती. त्याच वर्षी मालकांचा चौदा वर्षांचा मुलगाही उंची वाढावी म्हणून खिडकीच्या गजाला लटकायचा. वर्गात त्याला ‘बटण’ म्हणायचे. मिशीचा पत्ता नाही, आवाज अजून लहान पोरासारखा.

गिऱ्हाइकं मात्र खूश होती. चाळीसची कंबर एकोणचाळीस भरायची. कापडही माझ्याच मापाने कापलेलं, त्यामुळे पँट बरोब्बर बसायची. शंका कोणाला येणार?

वाढदिवशी मालकांनी मुलाला मोजलं. वहीत मागच्या वर्षी एकशे बेचाळीस होते, आता भरले एकशे त्रेचाळीस.

“बाबा, माझं वाढणं संपलं का हो?”

मालक मुलाला आणि वहीला घेऊन थेट हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मला गळ्यातून काढायचंही विसरले.

बाईंनी मुलाच्या हाताचा एक्स-रे बघितला. “हाडं वयाच्या दोन वर्षं मागे आहेत. उशिरा वयात येणाऱ्या मुलाचं असं असतं, आणि वाढीचं हार्मोन कमी असलं तरी असंच असतं. फरक कळतो वाढीच्या वेगावरून. वर्षात एकच सेंटिमीटर म्हणजे शंका घ्यायला हवी. हार्मोन कमी निघालं तर रोज इंजेक्शन.”

बटणाने मान खाली घातली.

“भिंतीला टेकून उभा राहा बघू.”

एकशे सत्तेचाळीस.

बाईंनी पुन्हा मोजलं. मग मला मालकांच्या गळ्यातून काढून भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीला लावलं. माझा एकशे त्रेचाळीस तिच्या सत्तेचाळीसवर जाऊन बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“टेप ताणलीय तुमची. पोरगा पाच सेंटिमीटर वाढलाय, वयात येण्याआधी हा वेग ठीक आहे. तुम्ही कधी वाढलात?”

मालक चाचरले. “शाळा संपल्यावर. तोवर मला टाचणी म्हणायचे.”

“बाबा, हे कधी बोलला नाहीत.”

“त्यात काय सांगण्यासारखं होतं?”

“तेच तर सांगायचं होतं,” बाई म्हणाल्या. “बहुतेक तुमच्यासारखाच उशिरा वयात येणार हा. तरी रक्त तपासू. सहा महिन्यांनी या.”

रक्त ठीक निघालं. सहा महिन्यांत बटणाचा आवाज फुटला आणि तीन सेंटिमीटर उंची वाढली.

आता दुकानात नवी टेप आहे. मी खणात असते. पण शेजारचे पोटवाले काका आले की म्हणतात, “नवी नको, ती जुनी काढा.” तेवढ्यापुरती मी बाहेर येते.

तुमच्या पोरांना मोजा, पण भिंतीला टेकवून. आणि मोजणाऱ्यालाही अधूनमधून मोजत जा.