रेश्मानं भरलेला फॉर्म

मी एक अभिप्राय फॉर्म बोलतोय. आपला अभ्यासक्रम कसा चाललाय हे विद्यापीठाला कळावं म्हणून मला जन्माला घातलं. बारामतीच्या एका झेरॉक्सच्या दुकानातून आम्ही चाळीस भाऊ बाहेर पडलो, तेव्हा अंगात अजून मशीनची ऊब होती.

मी आलो लासुर्ण्याच्या रेश्माच्या वाट्याला. माती-पाणी परीक्षणाच्या पदवीचं तिचं शेवटचं वर्ष. 'उत्कृष्ट, चांगले, बरे' या चौकटींना तिनं हातही लावला नाही. खाली 'सूचना' लिहिलेल्या जागेत तिनं पेन असं दाबलं की माझ्या पाठीवर वळ उठले. "तीन वर्षांत प्रयोगशाळा दोनदा उघडली. दोन्ही वेळा पाहुणे आले म्हणून. आम्हाला यंत्रांना हात लावू दिला नाही. काल पणदऱ्याला नोकरीच्या मुलाखतीत मातीचा सामू, म्हणजे पीएच, काढायला सांगितला. मला यंत्र चालूसुद्धा करता आलं नाही."

विभागप्रमुख सावळाराम सर मला वाचून लालबुंद झाले. मूल्यमापनाची समिती चार दिवसांवर आली होती. "हे असलं फाइलला लावायचं?" त्यांनी सौरभ कारकुनाला हाक मारली. त्यानं दुपारभर बसून चाळीस नवे फॉर्म भरले. सगळे उत्कृष्ट! आम्ही तिथंच कोपऱ्यात, रद्दीच्या पोत्यात.

समिती आली, शहाळी प्याली, फाइल चाळून गेली. चाळीस पोरांचं अक्षर एकच कसं, हे एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर शेरा काय, तर अभ्यासक्रमाला मागणी आहे, पुढच्या वर्षी साठ जागा कराव्यात!

झाडलोट करणाऱ्या कुशाबाईंनी पोतं बांधताना मला वाचलं, खालचं रेश्माचं नावही. रेश्मा दाखला न्यायला आली, तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं. "तुजाच हाय नव्हं ह्यो? रद्दीत घातला व्हता बाई. फायलीला दुसरंच लावल्यात, आन् आता जागा वाढवायला बैठक हाय."

जागा वाढवायच्या बैठकीत रेश्मा न बोलावता शिरली. मला टेबलावर आपटून म्हणाली, "ह्यो माजा फॉर्म. तुमच्या फायलीतला कुणी भरला?"

"अगं, तू पहिल्या वर्गात पास झालीस ना?" सर म्हणाले. "मग आता कशाला..."

"पास झाले सर, शिकले न्हाय. आता आणखी साठ जणांना असंच काढणार हाय का तुमी?"

बाहेरून आलेल्या सदस्या राजलक्ष्मी मॅडमनी फाइल मागवली आणि सौरभचे फॉर्म माझ्याशेजारी मांडले. चाळीसांवर एकच अक्षर, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

वाढीव जागा रद्द झाल्या, चौकशी लागली. प्रयोगशाळा उघडून बघितली, तर निम्मी यंत्रं खोक्यांतच, वॉरंटी संपलेली. सावळाराम सर अजून त्याच खुर्चीत आहेत. रेश्मा एका खाजगी प्रयोगशाळेत बाटल्या धुते, आणि जेवणाच्या सुट्टीत यंत्र शिकते.

मी चौकशीच्या फाइलला टाचलेला आहे. माझ्यावर लाल शाईत लिहिलंय, 'नोंद घेतली.' कसली नोंद? तीन वर्षं गेली पोरीची!

पुढच्या महिन्यात नवे फॉर्म वाटणार आहेत. साहेबांनो, वाचायचं नसेल तर छापूच नका. आणि पोरांनो, भरून झाला की साहेबांच्या हातात देण्याआधी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा.