शिळी ओळ चालत नाही

"कृपया लोणी इकडे द्यावे," ओटमार म्हणाला.

अफ्रानं लोण्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "कुनाशी बोलतुयास रं? मी काय कोर्टातली बाई हाय? लोणी दे म्हन की सरळ!"

"आभारी आहे," असं म्हणून तो शांतपणे पावाला लोणी लावू लागला.

बटाटे काढायच्या दिवसांत त्याच्या मेंदूत गुठळी झाली आणि वाचा गेली. शहरातल्या इस्पितळात एक तरुण बाई त्याला शिकवायला यायची. उत्तरेकडची होती, स्वभावानं लाख. चित्रं दाखवून, हात धरून तिनं त्याला एकेक शब्द परत दिला. पण देणार तो तिच्याकडे होता तोच ना! शाळेतला, कचेरीतला, पुस्तकातला. ज्या बोलीत ओटमारच्या आईनं त्याला शिव्या घातल्या, ज्या बोलीत त्यानं अफ्राला मागणी घातली आणि जन्मभर कविता केल्या, ती खोऱ्यातली बोली काही परतली नाही. ऐकलेलं सगळं त्याला कळायचं. बोलायला तोंड उघडलं की मात्र पुस्तकच उघडायचं.

पेशानं तो धुराडी साफ करणारा. खोऱ्यातलं एकही छप्पर त्यानं चढायचं सोडलं नव्हतं आणि धुराड्यातून खालच्या स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाची सून रुसली, कुणाचं डुक्कर पळालं, सगळं त्याच्या कवितेत यायचं. दोन छोटी पुस्तकं निघाली होती. शहरातल्या लोकांना ती वाचताना घाम फुटायचा, आणि अफ्राला त्याचा कोण आनंद!

आता घरात एखादा सभ्य पाहुणा उतरल्यासारखं तिला वाटत होतं. राग यायचा, रडू यायचं, पण त्याहून जास्त कुतूहल वाटायचं. एवढी मोठी बोली, ती जाऊन जाऊन जाणार कुठं? डोक्यातच कुठंतरी अडकून पडली असणार. म्हणून ती खोड्या काढायची. मुद्दाम त्याच्या पायावर लाकूड टाकायची, तो काय शिवी देतो ते बघायला. "सावकाश," तो म्हणायचा, "आपल्याला लागेल." गोठ्यात नेलं, तर गाईलासुद्धा "आपण" म्हणाला. गाय बिचारी बघतच राहिली.

आज होळीचा रविवार. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागल्यावर येणारा पहिला. दिवेलागणीला टेकडीवर जाळ पेटणार, लाकडी चकत्या काठीला खोचून लाल होईतो तापवणार आणि फळीवर आपटून खोऱ्यात भिरकावणार. प्रत्येक चकती कुणाच्या तरी नावाची, आणि नावासोबत दोन ओळी. ओळी ताज्या हव्यात. गेल्या सालची शिळी ओळ म्हणून चकती मारली, तर त्या घराला वर्षभर टोमणे खावे लागतात. पहिली चकती गावातल्या सगळ्यात लहान बाळाची, आणि ती मारायचा मान कायम ओटमारचा.

दुपारी फ्रिडोलिन आला. जाळाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. टोपी हातात फिरवत दारातच उभा राहिला.

"काकी, राग मानू नका. ओटमारकाकाला औंदा त्रास नको. रेडिओवाल्यांनी त्याचा आवाज टेप केला व्हता ना, तीच लावतो जाळापाशी. लोकांला बी बरं वाटंल."

"टेप?" अफ्रा तळणीपासून उठली. "शिळं ऐकवनार? अन् माणूस मेल्यावानी त्येचा आवाज लावनार? जिता हाय त्यो अजून!"

"तसं न्हवं काकी... पन त्यो पुस्तकी बोलला आन् पोरं हसली, तर तुमालाच सोसायचं न्हाई."

हे खरं होतं. अफ्रा तळणीकडे वळली. आतून ओटमार म्हणाला, "मी येईन."

"बघा," फ्रिडोलिन कुजबुजला. "टेप असू द्या जवळ." आणि निघून गेला.

टेकडीवर सारं गाव जमलं होतं. जाळाच्या पलीकडे टेपचं यंत्र पोत्याखाली झाकलेलं अफ्राला दिसलं. ओटमारनं चकती काठीला खोचली, जाळात धरली, फिरवली. हात काही विसरले नव्हते. चकती लालभडक झाल्यावर तो फळीपाशी आला.

त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. मागं कुणीतरी खोकलं. फ्रिडोलिन पोत्याकडे वळला.

अफ्राला काय झालं तिचं तिला कळलं नाही. जन्मात कधी तिनं ओळ जुळवली नव्हती. घरात एक कवी पुरे, असं ती म्हणायची. ती पुढे झाली आणि ओरडली:

"ही चकती कुनाची? बेकरीतल्या बाळीची!
रातभर रडती अन् झोप उडवती साऱ्या आळीची!"

लोक खो खो हसले. बेकरीवाल्यानं टोपी उडवली. "मार, ओटमार!" फ्रिडोलिन ओरडला. "मार, इझतीया!"

ओटमारनं चकती मारली नाही. कपाळाला आठी घालून तो अफ्राकडे बघत होता. दातदुखी व्हावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

"दुसरी ओळ लांबली आहे," तो म्हणाला.

"काय?"

"'रातभर' आणि 'साऱ्या' हे दोन्ही शब्द अनावश्यक आहेत." आणि साऱ्या गावाला ताटकळत ठेवून त्यानं चकती पुन्हा जाळात धरली.

अफ्राला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. गेले कितीएक महिने ती ज्याला शोधत होती तो हा इथं उभा होता. एका ओळीसाठी अख्ख्या गावाला थंडीत उभं करणारा, हट्टी, खवट, तिचा. फक्त त्याच्याजवळ शब्द नव्हते. ते तिच्याजवळ होते.

तिनं डोळे पुसले, गळा साफ केला.

"रडती अन् झोप उडवती आळीची!"

फळीवर टाणकन आवाज झाला आणि चकती खोऱ्यावरून लांबवर गेली. सगळ्या गावानं माना वर केल्या. ओटमारनं मात्र चकतीकडे पाहिलंच नाही. तो अफ्राच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याचे ओठ तिच्यामागून हलत होते. बाळीची, आळीची. आवाज फुटत नव्हता.

"पुढची कुनाची?" फ्रिडोलिननं विचारलं.

"थांब जरा," अफ्रा म्हणाली, आणि ओटमारकडे तोंड करून तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली, या खेपेस सावकाश.