मोनाचा आवाज आणि माझा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. किती जुना, ते माझ्या पाठीवरची चिकटपट्टी पाहूनच तुम्हाला कळेल. बॅटरीचं झाकण आता तिनेच धरून ठेवलं आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पण राजारामपुरीतल्या एका दुकानातून मदिहा मॅडमनी मला घरी नेलं, तेव्हापासूनचं सगळं आठवतं.

मॅडम कोल्हापुरात, विद्यापीठात संशोधन करतात. कॉलेजच्या वयाची पोरं दुसऱ्याच्या नावाने खोटं खातं का काढतात, कोणाचा पासवर्ड का चोरतात, हे त्या पोरांकडूनच समजून घेतात. पोरं बोलत आणि मी ऐकून ठेवी. मॅडमचा नियम कडक. बोलणाऱ्याचं नाव कोणाला सांगायचं नाही, आणि बोलणं कागदावर उतरलं की माझ्यातला आवाज पुसून टाकायचा. "हा माझा तिसरा कान," असं त्या मला म्हणत. मी फुगून जाई.

मग नवा मोबाईल आला. तो ऐकायचा आणि ऐकता ऐकता लिहूनही काढायचा. मॅडम त्याला मऊ फडक्याने पुसत. मी खणात पडलो, गंजक्या टाचण्यांच्या डबीशेजारी. खरं सांगतो, मी जळत होतो. तो पडावा, त्याच्या काचेला तडा जावा, असं मला रोज वाटे. तो काही पडला नाही.

एके दिवशी मोना नावाची मुलगी आली. टेबलावरचा मोबाईल पाहून ती दारातच थांबली.

"ह्यो बाहेर ठेवा की मॅडम. ह्येच्यापायीच समदं झालंय. ह्येच्यासमोर मी तोंड उघडनार न्हाय."

मॅडमनी खण उघडला. मित्रांनो, त्या क्षणी मोबाईलकडे मी कसं पाहिलं असेल, ते तुम्हीच समजा!

मोना बोलू लागली. ऋतुजा तिची मैत्रीण. फुटबॉल खेळायला तिला मोनानेच शिकवलं. आणि कॉलेजच्या संघाची कॅप्टन झाली ऋतुजा.

"माझ्या अंगाची आग आग झाली, मॅडम. मी तिच्या नावानं खोटं खातं काढलं. तिचे फोटो टाकले. पोरांना नको नको ते लिवलं. तिच्या बाबांना वाटलं, तिनंच केलंय. त्यांनी तिचं कॉलेज बंद केलं, खेळ बंद केला. खातं कवाच मिटवलं मी. पर ती अजून घरातच हाय, आन् कुनी केलं ते कुनाला ठावं न्हाय."

ती आग मला नवी नव्हती. खणात मी तीच सोसली होती. फरक एवढाच, की मला हात नव्हते.

चार दिवसांनी मोना पुन्हा आली. "आवाज पुसलासा व्हय?"

"आज पुसणार होते."

"नका पुसू. तिच्या बाबांना ऐकवा."

"मी नाही ऐकवणार. तुझं नाव सांगणार नाही, असा शब्द दिलाय मी. ऐकवायचं तर तू ऐकव. हवं तर सोबत येते."

दोघी कळंब्याला, ऋतुजाच्या घरी गेल्या. मोबाईल मॅडमच्या पर्समध्ये, आणि मी मोनाच्या मुठीत! ऋतुजाचे बाबा, कृष्णात, शिरोलीच्या कारखान्यातून नुकतेच आले होते.

"या पावणं," ते मॅडमना म्हणाले. मग मोनाकडे वळले. "तू गं? आज बरी वाट सापडली तुला."

मोनाने मला टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. मी जीव तोडून वाजलो. कृष्णात बसल्या जागी आक्रसले. आतून ऋतुजा बाहेर आली. ऐकत उभी राहिली. मला वाटलं, आता शेवटपर्यंत सगळे माझंच ऐकणार.

तिने पुढे होऊन मला बंद केलं.

"हे डबडं कशाला आणलंस? तुला तोंड हाय न्हवं? माझ्याकडं बघून सांग."

मोनाने मान वर केली. "मी केलं, ऋतू. तू न्हाय. मला बघवलं न्हाय तुझं."

मित्रांनो, मी किती आवाज ऐकले! पण असा एकही माझ्यात उतरला नव्हता. मोबाईलचा हेवा मी तिथेच विसरलो. त्या दिवशी मला एका साध्या, कोरड्या पडलेल्या तोंडाचा हेवा वाटला.

कृष्णात उठले. माळ्यावरून फुटबॉलचे बूट काढून त्यांनी लेकीपुढे ठेवले. "मी तुला इचारलंबी न्हाय, पोरी," एवढंच म्हणाले.

"माफ केलं असं समजू नकोस," ऋतुजा मोनाला म्हणाली. "पर आलीस, ते बरं केलंस."

त्या संध्याकाळी मॅडमनी माझ्यातला आवाज पुसला. मी पुन्हा खणात आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, धूळ झटका, फेकून देऊ नका. पण ज्याचं मन तुम्ही मोडलं असेल, त्याच्या दारात मला नेऊ नका. तिथे तुम्हीच जा.