पाटीवरची चौथी ओळ

माझ्या मालिशच्या खोलीत भिंतीवर एक पाटी होती. निळी पाटी, पांढरी अक्षरं, आणि ती अक्षरं मी स्वतः ब्रशानं रंगवलेली. 'पुढील व्यक्तींना मालिश केली जाणार नाही. एक, ताप असल्यास. दोन, कातडीचा आजार असल्यास. तीन, दारू पिऊन आल्यास. चार, कॅन्सर असल्यास.' तिसरी ओळ वाचून लोक हसायचे. चौथीकडे कुणी बघायचंही नाही. मीही नाही.

मला मालिश शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की कॅन्सरच्या माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही. चोळलं की रक्त फिरतं आणि रक्ताबरोबर तो अंगभर पसरतो. मी खूणगाठ बांधली. बावीस वर्षं तोच नियम. हात मात्र माझा जड. गिऱ्हाईक येताना बोलत यायचं, जाताना कण्हत जायचं, आणि आठ दिवसांनी परत दारात हजर. ताई मला 'पैलवान' म्हणायची.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. तीस वर्षं बेकरीत भट्टीपुढे उभी राहिली. पोटऱ्यांचे दगड झालेले. दर रविवारी दुपारी ती माझ्या टेबलावर पालथी पडायची आणि मी अंगठे रुतवले की ओरडायची, "मेले गं! जीव घेतेस का?" मी हात जरा सैल केला की लगेच, "थांबलीस कशाला? दाब!"

मग तिच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली, आणि एका रविवारी ती आपली नेहमीसारखी आली. डोक्यावर केस नाहीत, रुमाल बांधलेला. चपला काढल्या, टेबलावर बसली आणि म्हणाली, "बाकी कुठे हात लावू नकोस. नुसते पाय दाब. फार दुखतात गं."

आणि मी काय केलं? पाटीकडे बोट दाखवलं. तोंडानं नाही म्हणायचा धीर नव्हता, म्हणून बोट. सख्ख्या बहिणीला! ताईनं पाटी वाचली, चारही ओळी, सावकाश. मग "बरं" म्हणाली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. तिच्या भल्यासाठीच की, असं मी दिवसभर घोकत बसले.

त्यानंतर ती यायची, गप्पा मारायची, चहा प्यायची. पण 'पाय दाब' असं दोन वर्षांत एकदाही म्हणाली नाही. आमच्या घराण्याचा स्वभावच आहे हा. भांडायचं नाही, मागणंच बंद करायचं. भांडली असती तर परवडलं असतं.

माझी एक गिऱ्हाईक मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. कंबर धरली की माझ्याकडे येते. एकदा पालथी पडल्या पडल्या म्हणाली, "अहो, ती चौथी ओळ पुसा आता. आमच्याकडे कॅन्सरच्या पेशंटसाठी मालिशची वेगळी खोली काढलीय. डॉक्टरच चिठ्ठी देतात."

माझे हात थांबले. "पसरतो ना त्यानं?"

"कोण म्हणतं? रक्त काय, चाललं तरी फिरतंच. मग पेशंटनं चालायचंही नाही का?"

माझं डोकं असं सणकलं की त्या बिचारीची कंबर त्या दिवशी चांगलीच तिंबून निघाली.

त्याच दवाखान्यात या मालिशचा आठ आठवड्यांचा वर्ग होता. गेले. आम्ही चौदा जण. पहिल्या वर्षी म्हणे तिघंच होते. आता खोलीत खुर्च्या पुरत नव्हत्या. शिकवणारी माझ्या निम्म्या वयाची, काडी पैलवान. ती म्हणाली, गाठीवर, सुईच्या जागी, सुजलेल्या हातावर जोर द्यायचा नाही. बाकी जपून केलेल्या मालिशनं कॅन्सर पसरतो याला काही आधार नाही. मी उभी राहिले. भर वर्गात. "मग आम्हाला हे खोटं कशाला शिकवलं? आम्ही माणसं परत पाठवली त्याचं काय?"

"तेव्हा सगळ्यांना तसंच वाटायचं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही एखाद्या डॉक्टरला विचारलं होतं का?"

मला मिरच्या झोंबल्या. कारण मी विचारलं नव्हतं. ताईच्या डॉक्टरांची खोली माहीत होती, वार माहीत होता. एक प्रश्न विचारायचा होता फक्त.

तिथे जोराला नंबर होते. पाच नंबर म्हणजे माझा रोजचा हात. एक नंबर म्हणजे अंगाला मलम लावावं इतकाच. ती समोर स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवायची आणि म्हणायची, ठेवा हात. माझ्या हाताखाली काटा भेलकांडायचा आणि सगळा वर्ग हसायचा. मी तसाच काटा घरी आणला. जेवण झालं की काट्यावर हात ठेवून बसायचं. हलका हात देणं इतकं जड असतं हे मला पन्नाशीला कळलं. आणि तिनं आणखी एक युक्ती सांगितली होती: पेशंटला किती जोर हवा ते आपल्याला कळत नसेल, तर त्यालाच आपला हात तेवढ्या जोरानं दाबायला सांगायचं.

हे सगळं कशासाठी? ताईसाठी. तिनं एकदा परत पाय पुढे करावेत, एवढंच मला हवं होतं.

सहाव्या आठवड्यात भावोजींचा फोन आला. ताईच्या हाडांत कॅन्सर उतरला होता. औषधं बंद केली होती. या वेळी मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, करा, पण हाडं ठिसूळ झालीत, अगदी हलका हात. शिकवणारीनंही तेच बजावलं. "एक नंबर. दोनसुद्धा नाही."

ताई खिडकीशी पलंगावर होती. एवढीशी झालेली. मी पायांशी बसले आणि म्हणाले, "ताई, पाय दाबू का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "पसरायचं ते पसरून झालं, म्हणून आलीस होय? बैल गेला आणि झोपा केला."

भावोजी उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं तिनं एक पाय चादरीबाहेर काढला. एकच.

मी हातावर तेल घेतलं, हात कोमट केले आणि तो पाय धरला. पोटरी राहिलीच नव्हती. कातडी आणि आत हाड. वर्गात शिकवलं तसं केलं, घोट्यापासून वर, एक नंबर. सहा आठवड्यांत इतका नेमका हात माझा कधी पडला नव्हता.

"अजून भितेस," ताई म्हणाली.

"नाही गं."

"मग हे काय? बाळाला पावडर लावतेस? पैलवान ना तू? दाब ना!"

मी रडकुंडीला आले. भीतीचा हात आणि शिकलेला हात, वरून दोन्ही सारखेच. कसं पटवायचं? मग ती युक्ती आठवली. मी बाही वर केली आणि माझा हात तिच्या हातात दिला. "तू दाब. तुला पाय जसे दाबून हवेत तसं दाब. सगळा जोर लाव."

ताईनं दात आवळले. गळ्याच्या शिरा ताठल्या. तीस वर्षं मैद्याची पोती उचललेले हात ते. तिनं होता नव्हता तेवढा जोर लावला, आणि मला वजनकाट्याची शपथ, तो एक नंबर होता. जेमतेम.

"लागलं?" तिनं धापा टाकत विचारलं.

"हो," मी म्हणाले. पण तिला कळलं. ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

"एवढाच उरलाय होय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि त्या रविवारी गं? तेव्हा दाबलं असतंस तर चाललं असतं?"

खोटं बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण एकदा बोट दाखवून सुटले होते, परत नको म्हटलं.

"हो ताई. पायांना चाललं असतं. डॉक्टरांना विचारायला हवं होतं, मी विचारलंच नाही."

"चांगलं जोरात?"

"आतापेक्षा पुष्कळ जोरात."

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर वर केलं, त्याचा खडखडाट झाला. ताईच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात जात होतं आणि ती पुसत नव्हती. मला तिचे पाय धरून माफी मागायची होती. पण पाय धरलेलाच होता आणि माफी तिनं ऐकली नसती. मी हात चालू ठेवला. घोट्यापासून वर, परत घोट्यापासून वर.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग चादर हलली. ताईनं स्वतःच, दोन्ही हातांनी मांडीला आधार देत, दुसरा पाय बाहेर काढला.

"हा राहिलाय," ती म्हणाली.