दोन्ही काठांकडे तोंड

बारा पिंपं, एक्केचाळीस फळ्या, चार जाड वासे, चार कोपऱ्यांना चार लोखंडी कड्या आणि त्यांतून ओवलेले चार दोर. प्रत्येक फळी प्रत्येक वाशाला एकेका बोल्टने आवळलेली, म्हणजे बोल्ट एकशे चौसष्ट. त्यातले तीन गंजून पाण्यात पडले. पण मी ते हिशेबात धरतो, कारण त्यांची भोकं अजून माझ्याकडेच आहेत. मित्रांनो, एवढं सगळं एकत्र बांधून नदीवर सोडलं की त्याचा तराफा होतो, आणि तो तराफा म्हणजे मी.

मला बांधलं एका सुताराने. तो नावा दुरुस्त करतो. बांधायला लावलं त्याच्या धाकट्या बहिणीने. ती शाळेत गाणं शिकवते. मुलं तिला बाई म्हणतात आणि म्हणून त्याला मामा. तो मात्र तिला बुटके अशी हाक मारतो, कारण ती त्याच्या खांद्यालाही लागत नाही. या हाकेचा आपल्याला राग येतो, असं पन्नाशी उलटली तरी ती सांगत असते, आणि हाकेला ओ देतही असते.

आमच्या शहरात नदी रुंद आणि आळशी होते. दर उन्हाळ्यात तिच्या काठाने कलांचा उत्सव भरतो. तिकीट नाही, फाटक नाही, कुंपण नाही. लहान मुलं, त्यांचे आईबाप, आज्या, कडेवरची बाळं, सगळी येतात आणि पायऱ्यांवर बसतात. पण काठ अरुंद. तिथे रंगमंच उभारला तर बसायला जागा उरत नाही. या म्हणायचं आणि जागा नाही म्हणायचं, हे बाईंना पटेना. रंगमंचच पाण्यात नेऊ या, असं त्या म्हणाल्या. मामाने त्यांना वेड्यात काढलं आणि दुसऱ्या दिवशी मोडीत निघालेल्या नावेच्या फळ्या आणून टाकल्या. पिंपांत पूर्वी साबणाचं तेल होतं. ऊन तापलं की अजून त्याचा वास सुटतो. इथले मासे इतके चकचकीत कसे, असं कोणी विचारलं की मामा माझ्याकडे बोट दाखवतो.

त्या संध्याकाळी कशा असतात, सांगू? दिवसभर तापलेल्या फरशीवर चित्रकार नुसत्या पाण्यात कुंचला बुडवून चित्रं काढतात. हत्तीची सोंड काढून होईपर्यंत त्याची शेपटी वाळून गेलेली असते. मुलं वाळत चाललेल्या हत्तीच्या मागे धावतात. उंच काठ्यांवर कापडी मासे पोहत जातात. त्यांच्या सावल्या माझ्या अंगावरून सरकतात तेव्हा मी पाण्यावर आहे की पाण्याखाली, ते मला नीट कळत नाही. दूरच्या वळणावर ढोल वाजला की तो मला तुमच्या आधी ऐकू येतो, कारण आवाज हवेपेक्षा पाण्यातून चौपट वेगाने धावतो. तुम्ही मान वळवून कुठे वाजतंय म्हणून बघत असता, तेव्हा माझी पिंपं आधीच घुमू लागलेली असतात. दिवे लागतात. प्रत्येक दिव्याचे पाण्यात आणखी शंभर होतात. मग गाणारे माझ्यावर चढतात, आणि काठावरची सगळी कुजबुज हळूहळू विरघळून जाते.

किती टाळ्या ऐकल्या म्हणून सांगू. पण टाळ्या गाणाऱ्यांच्या असतात. तराफ्याची आठवण लोकांना तो ओला असला तरच येते. उत्सव संपला की मला ओढून गोदीच्या कोपऱ्यात बांधून ठेवतात. तिथे ऊन नाही. शेवाळ वाढतं, गोगलगाई भिंत समजून चढतात, एक बगळा एका पायावर उभा राहून माझ्याकडे दुर्लक्ष करतो. पिंपांना पोचे येतात, दोर हिरवे होतात. वर्षातले बाकीचे महिने मी असा झोपेत काढतो आणि झोपेत गाणी ऐकतो.

यंदा मला बाहेर काढलं तेव्हा मी चांगलाच थकलो होतो. मामाने दोन पिंपं बदलली, शेवाळ घासलं. गाणारी मुलंही यंदा जास्त होती, छत्तीस. शेवटच्या संध्याकाळी म्हणायचं गाणं घरी परतणाऱ्या नावेचं होतं. त्यात बाईंनी डुलणं बसवलं होतं. आधी आपल्या उजवीकडे, मग डावीकडे, तालावर. शाळेच्या अंगणात ते फार छान दिसलं म्हणे.

माझ्यावर पहिली तालीम झाली आणि तिसऱ्या ओळीलाच मी हलू लागलो. आधी थोडा, मग आणखी, मग इतका की एका कडेवरून पाणी आत आलं. मुलांनी एकमेकांना धरलं. एक मुलगा रडू लागला.

मित्रांनो, यामागचं कारण मला माहीत होतं, पण मला तोंड नाही. तरंगणाऱ्या प्रत्येक वस्तूची स्वतःची एक लय असते. मला जोरात ढकला नाहीतर हळू, मी त्याच लयीत डुलतो. झोपाळ्याचंही तसंच. नेमक्या वेळी ढकलत गेलात तर करंगळीच्या जोरावरही झोपाळा आभाळाला भिडवता येतो. त्या गाण्याची लय आणि माझी लय एकच होती, आणि मला ढकलायला छत्तीस करंगळ्या होत्या.

“बुटके, तुझी पोरं गातायत की पाळणा हलवतायत?” मामाने विचारलं.

“पाळणा तुझाच आहे, दादा. आवळ तो नीट.”

त्याने आवळला. सगळे बोल्ट, चारही दोर. मग मी डुलायच्या ऐवजी हिसके देऊ लागलो. ते डुलण्यापेक्षा वाईट. मग त्याने माझ्यावर वाळूची पोती रचली. जड झालं की हलणार नाही, हा त्याचा विचार. मी जड झालो, माझी लय मंदावली, आणि नेमकं त्याच दिवशी बाईंनीही मुलांना गाणं जरा सावकाश घ्यायला सांगितलं. पुन्हा पाणी आत. पोती भिजली. मामा कितीतरी वेळ कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभा राहिला. आपण जोडलेले सांधे सैल पडले, असं त्याला वाटत होतं. सांधे ठणठणीत होते.

बाईंनी मुलांना खांबासारखं उभं राहायला सांगून पाहिलं. मुलं खांब झाली आणि गाणंही खांब झालं. आणि खांब तरी किती वेळ टिकणार? गाणं अंगात शिरलं की पाय कोणाचं ऐकत नाहीत.

घाटाचे निरीक्षक सगळ्या तालमी बघत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, त्यामुळे पाण्याचा धाक त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होता. शेवटच्या दिवशी दुपारी ते मामाला म्हणाले, “तरंगायची जाकिटं असली तरी पोरं पाण्यात पडलेली मला चालणार नाहीत. कार्यक्रमाआधी एकदा पूर्ण गाणं म्हणून दाखवा. मी माप घेणार.”

माप कसं घ्यायचं, तेही ठरलं. मामाने माझ्या मधोमध तीन काठ्यांचं तिकाटणं उभं केलं आणि भिंत सरळ आहे की नाही ते बघायचा आपला ओळंबा त्याला टांगला. खाली एका फळीवर रेघ मारली. ओळंब्याचं टोक रेघेपासून चार बोटांपलीकडे गेलं तर गाणं रद्द, आणि मला पाण्याबाहेर काढून माझ्या फळ्या सुट्या करायच्या. त्या फळ्यांची काठावर बाकं होणार होती. बाकं वाईट नसतात. पण बाकं तरंगत नाहीत.

बाई पायरीवर बसून राहिल्या. तेवढ्यात दोन वेण्या घातलेली एक मुलगी बाईंजवळ येऊन उभी राहिली. तिचं घर पलीकडच्या काठावर. तिथे नावा दुरुस्त करणाऱ्यांची घरं आहेत, आणि पूल लांब असल्यामुळे म्हातारी माणसं तिकडेच खुर्च्या टाकून बसतात.

“बाई, माझ्या आजीला दरवर्षी माझ्या वेण्याच दिसतात,” ती म्हणाली. “ती म्हणते, गाणं ऐकू येतं, पण कोण गातंय त्याचा पत्ता नाही. आज शेवटचंच असेल, तर मी उलटी उभी राहू?”

बाईंनी पलीकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण अर्ध्या माणसांना पाठ दाखवत आलो, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. फुकट कार्यक्रमाला पाठीमागची जागाच नसावी, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग उठल्या आणि त्यांनी रांगा बदलल्या. पुढच्या तीन रांगांचं तोंड या काठाकडे, मागच्या तीन रांगांचं त्या काठाकडे. त्यांना मला वाचवायचं नव्हतं. मी गेल्यातच जमा होतो. मुलांना निरोपाचं गाणं नीट म्हणू द्यायचं होतं, एवढंच.

“डुलायचं?” मुलांनी विचारलं.

“डुला,” बाई म्हणाल्या. “आपापल्या उजवीकडून.”

मामाने तोंड फिरवलं. निरीक्षक हातात खडू घेऊन ओळंब्याशी उकिडवे बसले. ओळंबा जिथवर जाईल तिथे ते खूण करणार होते. दोन्ही काठांवर लोक जमू लागले होते, ऊन तिरपं झालं होतं.

सुरू होण्याआधी, मित्रांनो, तुमच्याकडे एक मागतो. जुनी वस्तू डगमगली की लगेच तिचे सांधे सैल म्हणू नका. ती कशाने डगमगते ते आधी बघा. वर्षातून एकदा तरी तिच्यावरचं शेवाळ काढा. तिच्या कामाचे महिने सरले तरी येताजाता विचारपूस करा. तेवढ्यावर आमचं बरंच भागतं.

पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला अठरा मुलं आपल्या उजवीकडे झुकली आणि पाठीला पाठ लावलेली अठरा त्यांच्या उजवीकडे. एकाची उजवी ती दुसऱ्याची डावी. दोन्हीकडून ढकललं तर झोपाळा कुणीकडे जाणार? मी वाट पाहत होतो की आता कड बुडेल, आता पाणी आत येईल. पण मी फक्त दोरांवर अगदी सावकाश थोडा वळलो आणि परत आलो, झोपेत कूस बदलावी तसा, पुन्हा पुन्हा. मुलं मनसोक्त डुलत होती. नदी सपाट होती. पलीकडच्या काठावर कोणीतरी खुर्चीतून उठून हात हलवत होतं. माझ्या पिंपांतून गाणं खाली पाण्यात उतरत होतं. मासे थांबले असावेत, असं मला वाटलं. मामा केव्हा वळला आणि केव्हा बहिणीच्या शेजारी जाऊन उभा राहिला, ते मला दिसलं नाही.

गाणं संपलं. निरीक्षकांनी खडूच्या सगळ्यात लांबच्या खुणेपाशी बोटं टेकवली आणि रेघेपर्यंत मोजलं.

अर्धं बोट.